भोवरकड्यावरची ढेप

एका राज्यात डोंगर फार आणि सपाटी थोडी. तिथला राजा कीर्तिसेन भोवरकड्याच्या उभ्या उतारावरून असा धावे, की हरणेही मागे पडत. प्रजा जयजयकार करी आणि तो ऐकल्यावाचून राजाला जेवण गोड लागत नसे.

एका वसंतोत्सवात राजा कड्याच्या माथ्यावर बसला होता. मायाक्का नावाच्या धनगरणीने नजराणा आणला: मेंढीच्या दुधाच्या पनिराची वाटोळी ढेप, जात्याच्या तळीएवढी. ती तिच्या हातून निसटली आणि उतारावरून गडगडत निघाली. राजा धावला, मायाक्काही धावली. पायथ्याशी ढेप मायाक्काने धरली, तेव्हा राजा वीस पावले मागे होता.

"मायाक्काचा जय!" लोक ओरडले.

राजाच्या काळजात काटा रुतला. त्याला अन्न जाईना. आरशात पाहिले तरी पुढे धावणारी तिची पाठच दिसे. अखेर तो करालक मांत्रिकाच्या गुहेत गेला.

"मला त्या धनगरणीचे पाय थांबवायचे आहेत."

करालकाने मूठभर भस्म दिले. "उतारावर टाका. पाऊल ठेवील तो दगड होईल. पण महाराज, भस्माला माणसे ओळखता येत नाहीत."

राजाने ऐकले, आणि तरीही टाकले.

सकाळी मायाक्का मेंढरांमागे उतरू लागली आणि जागीच दगड झाली. तिची बारा मेंढरेही झाली. ते पाहायला राजाची लाडकी लेक हेमकला धावत आली. तीही दगड झाली.

राजाने छाती पिटून घेतली. तेव्हा मायाक्काच्या दगडी खांद्यावर बसलेली साळुंकी बोलली, "राजा, माथ्यावरून ढेप सोड आणि प्रजेसह तिच्यामागे धाव. ढेपेमागे धावणाऱ्याला भस्म बाधत नाही. जो तुझ्या पुढे जाईल, त्याचा जयजयकार तुझ्या तोंडून मनापासून निघाला, तर दगड उठतील. तीनदाच धावता येईल."

भीत भीत सात जण राजासोबत उभे राहिले. पहिल्या वेळी राजाचे पाय त्याचे ऐकेनात. तो सर्वांच्या पुढे गेला, मग जयजयकार करायचा कुणाचा? दुसऱ्या वेळी तो मुद्दाम रेंगाळला. सगुणा कुंभारीण जिंकली.

"सगुणेचा जय!" राजा म्हणाला. दगड हलले नाहीत.

"तू तिला जिंकू दिलेस," साळुंकी म्हणाली. "मनात तूच पहिला होतास."

तिसऱ्या वेळी राजा जीव तोडून धावला. निम्म्यावर पाय सटकला, मुकुट उडाला आणि कोलांट्या खात तो पायथ्याशी आला. सगुणा ढेप कवटाळून आधीच तिथे बसली होती. तिची कोपरे रक्ताळली होती. जय म्हणायचा होता, पण तो राजाच्या मनातून निघेना.

"सगुणे," तो अखेर म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो. मायाक्काचाही वाटला. ते भस्म मीच टाकले."

सगुणेने कपाळावरची माती पुसली.

"हेवा आम्हांलाही वाटायचा, महाराज. तुमचा. दर वर्षी वाटायचा, आणि तरी आम्ही जय म्हणायचो."

हे राजाच्या कधी मनातही आले नव्हते. त्याचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ पोटातून आरोळी उठली: "सगुणेचा जय!"

मेंढरे बें बें करू लागली. हेमकला धावत येऊन बापाला बिलगली. मायाक्का मात्र सावकाश उतरली.

"महाराज, मला दगड का केलेत?"

"तू पुढे गेलीस म्हणून."

"मग माझा न्याय ऐका. दर वसंतात इथून ढेप सुटेल. धावेल त्याला धावू द्यायचे, आणि तुम्हीही धावायचे, मुकुट काढून."

राजाने मान तुकवली. करालकाला त्याने राज्याबाहेर घालवले आणि उतार सात विहिरींच्या पाण्याने धुऊन काढला.

तेव्हापासून भोवरकड्यावर शर्यत भरते. राजा पुष्कळदा हरला. हेवा वाटे, आणि तो तसे मोठ्याने सांगे. मग लोक हसत, आणि जिंकणारा ढेप फोडून पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवी.