दारात अडलेला निरोप

घाटाची चढण जिथून सुरू होते, अगदी तिथेच फार वर्षांपूर्वी वाटसरूंसाठी एक खाणावळ होती. दमून आलेल्याला तिथे पोटभर जेवण मिळायचं आणि रात्री पाठ टेकायला पडवीत जागा मिळायची. ही खाणावळ भिवरा नावाची बाई चालवायची. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. येणारा-जाणारा वाटसरू हाच तिचा गोतावळा.

भिवराचं माहेर घाटापलीकडे. तिथे तिची आई एकटी राहायची. घाट अवघड, पावसाळ्यात तर वाट बंदच व्हायची. त्यामुळे लग्न होऊन अलीकडे आल्यापासून भिवराचं माहेरी जाणं फारसं झालं नाही. पण दरवर्षी आंब्याला मोहोर येण्याच्या सुमाराला एक म्हातारा कासार बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन घाट उतरून यायचा. जेवून झालं की तो ओसरीवर बसायचा आणि माहेरच्या गोष्टी सांगायचा.

"तुझ्या आईच्या शेवग्याला यंदा इतक्या शेंगा आल्या, की फांदी मोडली," तो म्हणायचा. "आणि म्हैस व्याली बरं का. म्हातारी म्हणाली, भिवरीला सांग, खरवस केला तेव्हा तिची आठवण आली."

भिवरा हातातलं काम टाकून ऐकत बसायची. त्या एका दुपारच्या गोष्टी तिला वर्षभर पुरायच्या.

खाणावळीचं नाव हळूहळू दूरवर गेलं. गर्दी वाढली. भिवराने वाढपी ठेवले, स्वयंपाकाला बायका ठेवल्या, पडवी वाढवली, आणि स्वतःसाठी माडीवर एक खोली बांधून घेतली. एवढा पसारा सांभाळायचा तर कोणीतरी वर बसून लक्ष ठेवायला हवं, असं तिला वाटलं. आईकडे जायचं तिच्या मनात रोज यायचं. पण ती स्वतःला सांगायची, एकदा ही घडी नीट बसू दे, मग जाईन.

अशात एके दिवशी मोठी पंगत बसली होती. गावचे पाटील जेवायला आले होते आणि भिवरा त्यांच्याशी बोलत उभी होती. तेवढ्यात भिकोबा नावाचा वाढपी आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाई, भातात खडे लागतायत. लोक अर्ध्या ताटावरून उठतायत."

भिवराचा चेहरा लाजेने लाल झाला. पाहुणे गेल्यावर तिने भिकोबाला बोलावलं. "लोकांपुढे माझी अब्रू काढतोस? उद्यापासून पंगतीत पाय ठेवायचा नाही. गोठ्यातलं शेण काढ."

भिकोबाने मान खाली घातली आणि गोठ्यात गेला. बाकीच्यांनी ते पाहून ठेवलं.

पुढे भिवराने दारात एक पितळी घंटा टांगली. जो पाहुणा तृप्त झाला असेल, त्याने जाताना ती वाजवायची. ज्या वाढप्याच्या पंगतीतून घंटा जास्त वाजेल, त्याला सणाला नवं पागोटं, बाईमाणूस असेल तर नवं लुगडं. ज्याच्या पंगतीतून कमी वाजेल, त्याची रवानगी गोठ्यात. पाहुण्यांच्या किरकोळ गोष्टी घेऊन कोणी माडीवर यायचं नाही, असंही तिने सांगून टाकलं.

दिवसभर घंटा वाजायची. माडीवर बसून भिवरा ती ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. संध्याकाळी ती विचारायची, "आज पाहुणे खूश होते ना?" सगळे एका सुरात म्हणायचे, "होय बाई, फार खूश होते."

खाली काय चालायचं, ते मात्र तिला दिसत नव्हतं. वाढपी पाहुण्यांच्या मागे लागायचे, "जाताना तेवढी घंटा वाजवा हं, नाहीतर आमची धडगत नाही." एक पंगत उठायच्या आत दुसरी बसवायची घाई असायची. जेवून दोन घटका टेकू म्हणणाऱ्याला हात धरून उठवलं जायचं. ओसरीवर बसून कोणी गोष्टी सांगाव्यात, असे दिवस उरले नव्हते. लोक बिचारे घंटा वाजवायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

त्या वर्षी आंब्याला मोहोर आला. भिवरा खिडकीत उभी राहून घाटाच्या वाटेकडे पाहू लागली. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस लांबून दिसला की ती खिडकीतून पुढे झुकायची. जवळ आला की तो कोणी दुसराच असायचा. मोहोर गळला, कैऱ्या धरल्या, आंबे उतरले. कासार काही दिसला नाही. म्हातारा थकला असेल, तिने स्वतःची समजूत घातली. पण पावसाने घाट बंद झाला तेव्हा ती कितीतरी वेळ त्या ओल्या, रिकाम्या वाटेकडे बघत राहिली. आईचा शेवगा, आईचं अंगण, चुलीपुढे बसलेली आई, सगळं डोळ्यांपुढे यायचं. फक्त आईचा आवाज नीट आठवेनासा झाला होता, आणि त्याने ती फार अस्वस्थ व्हायची.

दसरा उलटला. घाट खुला झाला, तरी वर्दळ पूर्वीसारखी झाली नाही. एका दुपारी भिवरा खिडकीत उभी होती. अंगणात एकही बैलगाडी नव्हती, पडवीत कोणी नव्हतं. आणि खाली घंटा मात्र वाजत होती.

ती जिना उतरून खाली आली. दारात द्वारका उभी होती. द्वारका म्हणजे तिची सगळ्यांत जुनी वाढपीण. रिकाम्या अंगणाकडे तोंड करून ती एकटीच घंटा वाजवत होती.

भिवराला पाहताच द्वारकाचा हात खाली आला. बाकीचे वाढपी आपापल्या जागी थिजले. भिवराच्या तोंडात कडक शब्द आले होते. पण तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले. एकही चेहरा वर उठत नव्हता. आपण खाली उतरलो की माणसं अशी होतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती पायरीवर बसली.

"काय चाललंय हे? सांगा मला," ती म्हणाली. "कोणालाही काही होणार नाही."

कोणी बोललं नाही. तिच्या शब्दावर कोणाचा विश्वास बसला नव्हता, आणि ते तिला कळलं.

मग भिवरा उठली. गोठ्यात जाऊन तिने भिकोबाला बोलावून आणलं, त्याला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्याचं ताट वाढलं. भिकोबा अवघडून बसला.

"भिकोबा, त्या दिवशी भातात खडे होते ना?"

"होते, बाई."

"मग मी तुला का हाकललं?"

भिकोबाने घास खाली ठेवला. "तुम्हाला पाटलांपुढे लाज वाटली म्हणून."

भिवराला ते लागलं, पण ती म्हणाली, "खरं आहे. चूक माझी होती. उद्यापासून तू पंगतीत ये. आता जेव."

तेव्हा कुठे एकेकाच्या तोंडाला वाचा फुटली. घोंगड्यांना वास येतो, असं एक जण म्हणाला. लोकांना धड बसून खाऊ देत नाही, दुसरा म्हणाला. स्वयंपाकाची बाई म्हणाली, "आमटी पुरवण्यासाठी मी तिच्यात पाणी घालते, बाई. किती माणसं येणार हे कोणी आत सांगतच नाही." भिवरा ऐकत गेली. मध्येच तिच्या कपाळाला आठी पडायची, बोलणारा अडखळायचा, मग ती म्हणायची, "थांबू नकोस."

शेवटी द्वारका उरली. ती घंटेखालीच उभी होती.

"बाई, मला गोठ्यात धाडा, नाहीतर घरी पाठवा," ती म्हणाली. "यंदाही कासारकाका आले होते."

भिवराने झटकन मान वर केली.

"मोहोर नुकताच फुटत होता तेव्हा आले, तुम्ही खिडकीतून वाट पाहू लागायच्या आधीच. तुम्हाला भेटायचं म्हणाले. पंगतीची घाई होती, त्यांना माडीवर पाठवायची मला भीती वाटली. मी म्हटलं, बाई बाजाराला गेल्यात, तुम्ही जेवा आणि घंटा वाजवून जा. ते म्हणाले, मी कसली घंटा वाजवू, माझं काम झालं नाही. मग माझ्याजवळ निरोप ठेवून गेले. तुमच्या आईची नजर अधू झालीय. त्यांनी सांगितलं होतं, भिवरीला म्हणावं, थोडं दिसतंय तोवर ये. एकदा तुझं तोंड पाहू दे."

भिवरा घाटाच्या वाटेकडे पाहू लागली.

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते, बाई. पण त्याच दिवशी घंटा कमी वाजली म्हणून तुम्ही आमच्यातल्या सखूला गोठ्यात धाडलंत. मला वाटलं, खोटं बोलून पाहुण्याला परत पाठवलं हे कळलं, तर माझं काय होईल. मग जितके दिवस जात राहिले, तितकं सांगणं अवघड होत गेलं."

भिवराच्या मुठी वळल्या होत्या. या बाईला आत्ताच्या आत्ता दाराबाहेर काढावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. सगळे तिच्याकडेच पाहत होते. आज तिने या एकीला हाकललं असतं, तर त्या घरात पुन्हा कोणी खरं बोललं नसतं.

मग ती म्हणाली, "भिकोबा, ती घंटा उतरव. खाणावळ तू सांभाळ. द्वारके, उद्या उजाडताच आपल्याला घाट चढायचाय. तू माझ्याबरोबर चल."

दोघी घाट चढल्या. माथ्यावर पोचल्यावर खाली गावाची कौलं दिसली आणि भिवराचे पाय आपोआप भरभर पडू लागले.

आई दारातच बसली होती. शेजारच्या बाईने तिच्यापुढे शेंगा ठेवल्या होत्या आणि ती चाचपडत सोलत होती. पावलं वाजली तशी तिने मान वर केली.

"कोण आहे? घाटावरून आलात का? या, टेका घटकाभर. आत माठात गार पाणी आहे." मग ती जरा पुढे झुकली. "पलीकडून येताना ती खाणावळ लागली असेल ना? माझी लेक असते तिथे. कशी आहे ती?"

आईचा आवाज कानावर पडला आणि भिवरा तिथेच मातीत बसली. "आई, मी आलेय," ती म्हणाली.

म्हातारीचे हात हवेतच थांबले. मग ते भिवराच्या खांद्यावरून, मानेवरून चेहऱ्यावर आले आणि तिथे फिरत राहिले.

"पावसाळ्याआधी बरं दिसायचं गं," ती हळूच म्हणाली. "कासाराकडे निरोप धाडला होता. मिळाला नाही का?"

दाराशी उभी असलेली द्वारका भिंतीला टेकली.

"निरोप आला होता, आई," भिवरा म्हणाली. "माझ्या दारापर्यंत आला. माझ्यापर्यंत पोचायची वाटच मी ठेवली नव्हती."

म्हातारीला ते कितपत समजलं कोण जाणे. ती म्हणाली, "जाऊ दे. आता तूच सांग, कशी दिसतेस."

भिवराने जरा विचार केला. "केस पांढरे झालेत, आई. कपाळाला आठ्या पडल्यात. तू पाहिली होतीस तशी आता राहिले नाही."

"खरं सांगतेस ना?" आईने दाराच्या दिशेने मान वळवली. "तू कोण गं, हिच्यासंगे आलेली? तू सांग. ही सांगते तशीच आहे का?"

द्वारकाने भिवराकडे पाहिलं. भिवराने मान हलवली.

"आठ्या आहेत, आजी," द्वारका म्हणाली. "आम्हाला त्यांची भीती वाटायची. पण आज चेहरा निराळा आहे. रडून डोळे सुजलेत, आणि तुमच्यासारखीच हनुवटी थरथरतेय."

म्हातारी हसली आणि लेकीच्या हनुवटीवर बोट ठेवून तशीच बसून राहिली.

घाट पुन्हा बंद व्हायच्या आत भिवराने आईला डोलीतून अलीकडे आणलं. पण आईने तिचा चेहरा पुन्हा कधी पाहिला नाही. कासारही परत आला नाही. तो दुसऱ्या घाटाने जातो, असं लोक सांगायचे. मोहोराच्या दिवसांत भिवरा त्या वाटेकडे बघत राहायची, आता माडीवरून नाही, दारात बसून.

खाणावळीत माणसं पुन्हा थांबू लागली. एका दुपारी द्वारका पंगतीतून तडक भिवराकडे आली आणि चार पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "बाई, भाकरी करपल्यात. तो कोपऱ्यातला म्हातारा न जेवता उठतोय."

भिवराला क्षणभर लाज वाटली. मग ती उठली, पदर खोचला, आणि त्या म्हाताऱ्याला थांबवायला गेली.

या गोष्टीचं सार इतकंच: हाताखालची माणसं ज्याला वाईट बातमी सांगायला भितात, त्याच्यापर्यंत पाहुण्याचं दुःख पोचत नाही आणि त्याचं स्वतःचं सुखही पोचत नाही.