निळ्या माशाची कपार

एकदा एका किनाऱ्यावरच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत असे. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत कोणता मासा कोणाशेजारी सुखाने नांदेल, हे शिकायला लोक त्याच्याकडे येत. दोन सख्खे भाऊ त्याचे शिष्य होते. एका वर्षी थोरला तापाने गेला. धाकटा एकटा येऊ लागला. टाकीसमोरच्या बाकावर तो बसे आणि शेजारची दादाची जागा मोकळी ठेवी.

टाकीत एकच निळा मासा होता, थोरल्याने निवडलेला. नवख्याच्या हातूनही जगेल इतका काटक, आणि तितकाच तापट. थोरल्याने त्याच्यासाठी दगडांची कपार रचली होती. मासा सदैव तिच्या तोंडाशी पहारा देई.

पुढे वृद्धाने एका व्यापाऱ्याच्या मुलाला शिष्य करून घेतले. तो आला आणि नकळत त्या मोकळ्या जागेवर बसला. त्याच्या भोळ्या प्रश्नांवर वृद्ध हसला. थोरला गेल्यापासून तो हसला नव्हता. ते हसू धाकट्याला सोसवेना. दादाला विसरायला यांना एवढेच दिवस पुरले, असे त्याच्या मनात आले.

एके सकाळी व्यापाऱ्याच्या मुलाने पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी मासा आणला. वृद्ध बाहेर गेला होता. निळ्याशी याचे जमेल का, असे मुलाने विचारले. जमणार नाही, हे धाकट्याला पक्के ठाऊक होते.

"सोड की. निळा काय खातोय त्याला?" तो म्हणाला.

दुपारपर्यंत केशरी माशाचे पर फाटले. तो कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराशी धापा टाकत राहिला. आपलेच काहीतरी चुकले, असे मुलगा पुटपुटत होता. वृद्धाने मासा जाळीच्या डब्यात वेगळा ठेवला. कोणी सोडायला सांगितले, हे त्याने विचारले नाही. आता निळ्याला घालवतील, या धास्तीने धाकट्याला घास गोड लागेना.

केशरी माशाचे पर भरून आल्यावर वृद्धाने बाही सारली, टाकीत हात घातला आणि कपारीचा वरचा दगड उचलला. धाकट्याने त्याचे मनगट धरले.

"आबा, ती दादानं रचलीय."

"ठाऊक आहे, बाळा," वृद्ध म्हणाला. "दगड त्याचेच राहतील, एकही बाहेर टाकणार नाही. पण कपार त्याने माशाला निजायला रचली होती, राखायला नव्हे. निळा दुष्ट नाही. आधी आलेल्याला सगळे पाणी आपलेच वाटते. म्हणून घर दोघांनाही अनोळखी करतो आहे. दोघेही जागा शोधतील, आणि शोधणाऱ्याला चावायला सवड नसते." मग हळूच म्हणाला, "मी हसलो, त्यामुळे तुझा दादा उणा झाला नाही रे."

धाकट्याने मनगट सोडले. मग शेजारी उभ्या व्यापाऱ्याच्या मुलाला म्हणाला, "चूक तुझी नव्हती. मी मुद्दाम सांगितलं होतं."

मुलाने वृद्धाच्या हातातला दगड घेतला. मग म्हणाला, "आता दगड कुठं ठेवायचा, ते तरी खरं सांगशील?"

धाकट्याने बाही सारली. दोघांनी मिळून दगड नव्याने मांडले आणि केशरी मासा सोडला. निळा मासा सायंकाळपर्यंत निजायची जागा शोधत फिरला. नव्याकडे त्याने पाहिलेही नाही.

रिकाम्या जागेच्या दाराशी पहारा देणाऱ्याने एकदा तरी पाण्यात हात घालून दगड नव्याने मांडावेत.