दारातून सांगितलेली किंमत

एका जंगलाच्या पश्चिम उतारावर, मोठ्या काळ्या खडकाखाली बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे तीच, अंगभर लांब काटे असलेली आणि रागावली की ते काटे फुलवून खुळखुळ वाजवणारी. बाळांनो, तिचे बीळ जंगलात नावाजलेले होते. दार ऐसपैस, पुढे वाकडातिकडा बोळ आणि पार मागे पिल्लांची खोली. पण नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी त्याची गत होती. पौषात आत दात वाजत आणि वैशाखात घटकाभर बसवत नसे. गेल्या वैशाखात तिचे एक पिल्लू त्याच उकाड्याने गेले होते. आता फाल्गुन सरत आला होता आणि साळूच्या कुशीत पुन्हा एक पिल्लू होते, तीन आठवड्यांचे, काटेसुद्धा अजून मऊ असलेले. हेही पिल्लू गेले तर आपण जगणार नाही, असे तिला वाटे.

तिने मनाशी ठरवले की पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी चालेल, पण या वर्षी बिळात हवेची सोय करून घ्यायची. उन्हाळ्यात गारवा हवा आणि हिवाळ्यात ऊब. तिच्याजवळ साठवलेले चाळीस कंद होते. पण साळूंच्या कुळात एक रिवाज होता. बाहेरच्याला बिळात पाऊल टाकू द्यायचे नाही. सोयरा असो की शेजारी, जे काय बोलायचे ते दारात. सात पिढ्यांत हा रिवाज कुणी मोडला नव्हता आणि साळूला त्याचा भारी अभिमान होता. म्हणून जो कारागीर येईल त्याला ती दारात उभे करी आणि एकच प्रश्न विचारी, "काय घेशील?"

आधी घूस आली. तिच्या नाकाला कुठल्यातरी दुसऱ्या कामाची माती अजून चिकटलेली होती. "चार बोगदे काढते, साळूबाई," ती म्हणाली. "चारी दिशांनी वारा. चाळीस कंद पडतील." घुशीला साठ्याचा वास आला होता की काय, कोण जाणे.

"चार कशाला?" साळूने विचारले.

"दोन-तीन काढले तर काम केल्यासारखं दिसत नाही."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू," असे म्हणून घूस पुढच्या कामाला गेली.

मग कोल्हा आला. त्याने आधी पिल्लाची चौकशी केली, मग साळूच्या काट्यांची तारीफ केली आणि मगच मुद्द्याला हात घातला. "चाळीस कंद? ऐकलं मी घुशीचा भाव. अहो साळूताई, लुबाडते ती तुम्हाला. माझ्याकडे वाळ्याचा पडदा आहे. दारात लावायचा आणि ओला ठेवायचा, की आत पावसाळा. हिवाळ्यात तोच पडदा खाली अंथरायचा. फक्त पाच कंद."

"ओला कोण ठेवणार?"

"ओढा काय लांब आहे? अंग भिजवून यायचं आणि पडद्यापाशी झटकायचं. तुमच्या काट्यांत मडकंभर पाणी सहज राहतं." साळूला ते पटले. कौतुक कुणाला आवडत नाही?

शेवटी वारुळातली म्हातारी वाळवी आली. वारूळ साठ-सत्तर पावलांवर होते आणि तिथे आत बारा महिने हवा एकसारखी असते, हे जंगलात लहानथोरांना ठाऊक होते. वाळवीला ऊन सोसत नाही, म्हणून ती पहाटेच आली होती. तिने किंमत सांगायच्या ऐवजी प्रश्नच सुरू केले. "पिल्लू कुठे निजतं? दुपारी कुठली भिंत तापते? थंडी दारातून येते की वरून?"

"तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?" साळू म्हणाली. "काय घेशील ते सांग."

"आत जाऊन एक दुपार बसू दे, मग सांगते."

साळूचे काटे उभे राहिले. "घूस दारात सांगून गेली. कोल्हा दारात सांगून गेला. तुलाच काय माझ्या घरात डोकवायचंय?"

"मग राहिलं," वाळवी म्हणाली. "न बघता मला भाव सांगता येत नाही." आणि उजाडायच्या आत ती आपल्या वाटेने निघून गेली. मला विचाराल तर साळूचे चुकले ते इथेच. पण गोष्टीतल्या प्राण्यांना आपले ऐकू येत नाही, त्याला काय करणार?

साळूने कोल्ह्याला पाच कंद दिले आणि दारात पडदा लागला. चैत्र बरा गेला. ओढा जवळ होता, दिवसाकाठी दोन खेपांत भागे. पस्तीस कंद वाचवले म्हणून ती मनातल्या मनात खूशही होती. वैशाख लागला आणि ओढा आटला. आता पाणी होते ते टेकडीपलीकडच्या डोहात. जायला अर्धी दुपार, यायला अर्धी दुपार. साळू भिजून निघे आणि दारात पोचेपर्यंत काटे सुकून खडखडीत झालेले असत. जे चार थेंब उरत ते पडद्यावर झटकून ती पुन्हा डोहाकडे वळे. कंद उकरायला वेळ मिळेना. वाचवलेले पस्तीस कंद संपत आले, तिच्या फासळ्या दिसू लागल्या, आणि पिल्लू दिवसेंदिवस मलूल होत चालले. कोल्ह्याने सांगितलेल्या पाच कंदांत या खेपा धरलेल्या नव्हत्या.

एका दुपारी ती डोहावरून परतली, तेव्हा पडदा वाळून कडक झाला होता. दारातून येणारी थोडीफार वाऱ्याची झुळूकही त्याने अडवली होती. तिने पिल्लाला हाक मारली. उत्तर आले नाही. तिने दातांनी पडदा फाडून काढला आणि बोळातून धावत मागच्या खोलीत गेली. पिल्लू भिंतीशी कलंडून पडले होते. तोंड उघडे, जीभ कोरडी, आणि श्वास इतका उथळ की तो चालतो आहे की थांबला आहे हे कळायला तिला नाक टेकवावे लागले. वरचा खडक भट्टीसारखा तापला होता.

ओढ्यात पाणी नव्हते, मोठ्या झाडांवर पाने नव्हती. गारवा म्हणून जवळपास असेल तर तो एकाच ठिकाणी होता. साळूने पिल्लाला तोंडात धरले आणि ती उघड्या माळावर आली. साठ-सत्तर पावले, पण मधे झुडूप नाही की दगड नाही, आणि वर गरुड घिरट्या घालत होता. तो झेपावला. त्याची सावली साळूच्या अंगावरून सरकली. पळण्यात अर्थ नव्हता. साळूने पिल्लाला पायांखाली घेतले, काटे फुलवले आणि तशीच निश्चल उभी राहिली. गरुड वीतभर अंतरावर आला, काटे पाहून वळला आणि पुन्हा वर चढला. तो दुसऱ्यांदा झेपावायच्या आत साळू वारुळाशी पोचली होती.

"वाळवीबाई," तिने धापा टाकत हाक मारली. "माझं लेकरू."

वारुळातून आवाज आला, "बोलत बसू नकोस. खाली सावलीच्या अंगाला भोक आहे. त्याचं तोंड तिथे लाव."

साळूने पिल्लाला भोकाशी निजवले. आतून ओल्या मातीच्या वासाची गार हवा येत होती. साळू पाहत राहिली. पिल्लाचे पोट एकदा हलले आणि मग बराच वेळ हलले नाही. तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पिल्लू शिंकले. मग त्याने भोकातच नाक खुपसले आणि तिथून ते काही केल्या हलेना. साळू ढसाढसा रडली, आणि रडताना तिला कुणाची लाज वाटली नाही.

संध्याकाळी ऊन कलल्यावर ती वाळवीला म्हणाली, "चल, माझं बीळ बघ." दाराशी पोचल्यावर ती आयुष्यात पहिल्यांदाच बाजूला सरली. वाळवी आत गेली आणि दुसऱ्या दिवशीची दुपार टळेपर्यंत आतच बसली. भिंती तिने मिशांनी चाचपल्या, कुठे वारा येतो आणि कुठे कोंडतो ते पाहिले. मग ती बोळाच्या सावलीत येऊन म्हणाली, "तुझं सगळं बीळ तापत नाही. खडकाला लागून असलेली एकच भिंत तापते, आणि पिल्लू नेमकं तिच्याशीच निजतं."

"फाल्गुनात ती उबदार लागली म्हणून मीच तिथं निजवलं होतं," साळू खाली मान घालून म्हणाली.

"हिवाळ्यात तिथंच निजव. उन्हाळ्यात अंथरूण समोरच्या भिंतीशी हलव. बाहेर त्या बाजूला करवंदीची जाळी आहे, तिच्या सावलीत जमिनीलगत एक अरुंद भोक काढू आणि खडकाच्या कडेला वर एक. गार हवा खालून येईल, कोंडलेली वरून जाईल. थंडी पडली की दोन्हींत दगड बसवायचा. भोकं तू खण, जागा मी दाखवते. मला खायला एक वाळका ओंडका दे."

"एवढंच?"

"काम एवढंच आहे."

साळूला डोहाच्या त्या सगळ्या खेपा आठवल्या. तिचा आवाज चढला. "मग हे त्या पहाटेच का नाही सांगितलंस?"

"त्या पहाटे," वाळवी म्हणाली, "तू मला दारात उभं केलं होतंस."

तात्पर्य : घर आतून न पाहता सांगितलेली किंमत, स्वस्त असो वा महाग, त्या घराची नसते, आणि ज्याला आपले दुखणे दाखवायचे नाही, त्याने औषधाचा भाव विचारू नये.