न पाहिलेल्या सिनेमाचं परीक्षण

“म्हणजे तू तो पाहिलाच नव्हतास?” कुरणे मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

“आणि छापून आलं?”

“शुक्रवारी. माझ्या नावानं, फोटोसकट.”

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पाय घमेल्यातल्या कोमट मिठाच्या पाण्यात. वय एक्याऐंशी. एके काळी दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून त्यांनी मिरजेतल्या पोरांना सिनेमा बघायला शिकवलं होतं. निवृत्ती ढवण त्यांतलाच एक. आता चौदा वर्षं तो एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहीत होता. लोक त्याला वचकून असत, आणि ते त्याला आवडायचं.

“कधीपासून न बघता लिहितोस?”

“दर वेळी नाही...” निवृत्ती पायरीवर बसला. “पण थकलो, मास्तर. पोस्टर बघितलं की पुढचं सगळं कळतं. हा तर उडणाऱ्या हिरोचा विनोदी सिनेमा. मारामारी, जग वाचवणं, मधे पाचकळ विनोद. वीस मिनिटांत लिहून टाकलं. ‘यापेक्षा घरी झोपा’, असं.”

“मग?”

“काल दुपारी घरी लाइट नव्हती. म्हटलं, थिएटरात एसी आहे, जाऊन पडावं. तोच लागला होता.”

“झोप लागली?”

“...हसलो.”

“हसलास?”

“पोट दुखेपर्यंत हसलो. शेजारी कोणी अनोळखी बाई होत्या. त्यांनी हसता हसता माझ्या दंडावर चापट मारली, मग आम्ही दोघं परत हसलो. चांगला सिनेमा आहे, मास्तर. फार चांगला. पण थिएटरात आम्ही नऊच माणसं. मॅनेजर म्हणाला, पेपरात वाईट आलंय, मंगळवारी काढून टाकतो.”

निवृत्तीनं खिशातून तीन कागद काढले. “माफी लिहून आणलीय. वाचू?”

“वाच.”

त्यानं वाचलं. त्याचा थकवा, त्याची चौदा वर्षं, अंधारात त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी. मजकूर सुरेख होता. ते त्यालाही ठाऊक होतं.

मास्तरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“छान लिहिलंयस,” ते म्हणाले. “यात सिनेमा कुठाय?”

निवृत्तीनं पहिला कागद पाहिला. दुसरा. तिसरा...

“ठेव ते खाली,” मास्तर म्हणाले. “मला आता पडद्यावरचं दिसत नाही. तू सांग.”

“काय सांगू?”

“काय झालं ते.”

निवृत्तीनं सुस्कारा सोडला. “हिरो पाणीपुरवठ्यातला कारकून. त्याला उडता येतं, पण उंचीची भीती. म्हणून तो डोळे मिटूनच उडतो.”

“मग आपटत नाही?”

“आपटतो ना! सारखा. शेवटी एक बस पुलावरून अर्धी बाहेर लोंबकळते. हा एकेका माणसाला पाठीवर घेऊन काठावर नेतो. रस्ता त्या माणसानं सांगायचा. ‘डावीकडं घे, वायर आहे!’” निवृत्ती उभा राहिला. हात पसरले, डोळे मिटले. “एक आजोबा तर म्हणतात, ‘जरा आमच्या घरावरनं घे, सून काय करते बघू!’”

मास्तर खुदकन हसले. घमेल्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर आलं.

“मग बसमधे एकच म्हातारी उरते. बस सरकायला लागते. हा पाठ करून वाकतो, पण ती काही चढत नाही. म्हणते, ‘मी नाही येत. आधी डोळे उघड...’”

निवृत्ती थांबला.

पसरलेले हात हळूहळू खाली आले.

“मास्तर... चौदा वर्षांत असे किती असतील? कोणी कोणी काय काय केलं असेल, आणि मी पोस्टर बघून...” तो परत पायरीवर बसला. “त्यांचं आता काय करू?”

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. त्यांनी मान त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवली.

“निवृत्ती,” ते म्हणाले, “बस अजून लोंबकळतेय. मंगळवारपर्यंत.”