काहिलीतली रिकामी जागा

“…ते कळलं आप्पा, पण मधल्या वेळात तुम्ही करता काय?”

नेमगोंडा आप्पांनी उकळत्या काहिलीवरची नजर हलवली नाही.

“कुठल्या मधल्या?”

“रस ओतल्यापासून गूळ उतरवेपर्यंतच्या. तीन तास तरी जात असतील.”

“जात्यात.”

“मग त्या तीन तासांत?”

“बगतो.”

सुकुमारने डायरी उघडून लिहिलं, ‘तीन तास, नुसतं बघणे’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. पंचक्रोशीत ज्याच्या हातच्या गुळाला तोड नाही, तो गुळव्या दर आधणाला, म्हणजे रसाच्या प्रत्येक काहिलीला, तीन तास असा बसून घालवतो! पुढच्या वर्गात सांगायला झकास उदाहरण मिळालं.

सुकुमार चौगुले पुण्यातल्या कंपन्यांमधून वेळेच्या नियोजनाचे वर्ग घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला रिकामं काही बघवत नसे. दाढी करताना तो भाषणं ऐके आणि लिफ्टची वाट बघता बघता ईमेलना उत्तरं देई. दोन मिनिटांचं काम लगेच उरकावं आणि दोन कामांत फट दिसली की तिसरं तिथे बसवावं, हे त्याचं ब्रीद. लोक टाळ्या वाजवत, वह्यांत उतरवून घेत.

घरी मात्र आठ दिवसांपासून काहीतरी बिनसलं होतं.

आप्पा त्याच्या बायकोचे, वसुधाचे चुलते. “एकदा आप्पांच्या गुऱ्हाळावर जाऊन नुसते बसा,” एवढंच ती म्हणाली होती. सुकुमारने ते डायरीत मांडलं होतं : शनिवार, नऊ ते अकरा, आप्पा. त्याच्या खाली : राजुलसाठी गूळ आणणे.

राजुल त्याची आठ वर्षांची मुलगी. आप्पांच्या हातचा गूळ म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि गूळ नक्की मिळणार होता. गुऱ्हाळावरून कुणी मोकळ्या हाताने परत जात नाही, ही तिथली रीतच. सकाळपासून एक धनगर आणि एक पोस्टमन येऊन गेले होते. दोघांनाही आप्पांनी उठून, आपल्या हाताने गुळाचा खडा दिला होता.

अकरा वाजून गेले. काहिलीतला रस आटत निम्म्यावर आला.

सुकुमारला राहवेना. “आप्पा, एक सुचवू?”

“सुचवा की पाव्हणं.”

“काहील निम्मी मोकळी झालीय. तिकडे पिंपात रस शिल्लक आहे, जाळ तर चालूच आहे. मग ही जागा फुकट कशाला घालवायची? ओता की त्यात.”

काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं सारणारा इसाक खो खो हसला. “आवो पाव्हणं, त्यो रस फुडच्या आधणाचा हाय. आटत आल्याल्यात कच्चा रस कोण वततंय व्हय?”

आप्पा हसले नाहीत. ते उठले, पिंपाजवळची घागर उचलली आणि सुकुमारपुढे धरली.

“घ्या. वता.”

इसाकचं हसू मावळलं. “आप्पा! आधण बिघडंल की!”

“बिघडू दे.”

सुकुमारने घागर भरली आणि काहिलीत उपडी केली. उकळी क्षणात बसली. थोड्या वेळाने पुन्हा फेस आला, पुन्हा मळी वर आली. आप्पांनी निमूट झारा घेतला आणि सकाळी काढली होती तशी मळी पहिल्यापासून काढायला सुरुवात केली.

तासाभराने रस खाली गेला. आप्पांनी काहिलीच्या काठावर बोटाने टकटक केलं.

“जागा झाली, पाव्हणं.”

सुकुमारने दुसरी घागर ओतली. त्याला खरंच आनंद झाला होता. म्हाताऱ्याने आपलं ऐकलं, हे पुण्यात सांगितलं तर कुणाला खरंही वाटणार नाही.

दुपार झाली. चिपाडांचा ढीग कमरेपर्यंत खाली आला होता. इसाक आता कुणाशीच बोलत नव्हता, नुसता धुसफुसत होता.

“राजुल कशी हाय?” आप्पांनी विचारलं.

“मजेत.” सुकुमारने डायरी मांडीवर घेतली. “तिच्यासाठी मी रोज वेळ काढतो आप्पा. रात्री आठ दहा ते आठ वीस. एक दिवस चुकवत नाही.”

“बरं.”

“मागच्या आठवड्यात कागद घेऊन आली. तीन प्रश्न लिहून आणले होते. एकेक विचारला, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली, आणि म्हणाली, झालं बाबा, चार मिनिटं उरली, तुम्ही तुमचं काम करा…”

“मग?”

“मी शाब्बास म्हटलं.”

“मग?”

“चार मिनिटांत दोन ईमेल झाल्या.”

आप्पा झाऱ्याने मळी ओढत राहिले.

“…मग?”

सुकुमारने डायरी उगाच उघडली आणि मिटली. “दुसऱ्या दिवसापासून येत नाही. मी बसतो, ती आत चित्रं काढत असते. हाक मारली तर म्हणते, आज काही प्रश्न नाहीत बाबा.”

गेले आठ दिवस तो हे कुणाजवळ बोलला नव्हता, वसुधाजवळही नाही. शंभर माणसांसमोर तासभर बोलणाऱ्या माणसाला एवढी दोन वाक्यं जड गेली.

आप्पांनी काठावर टकटक केलं.

“जागा झाली, पाव्हणं.”

सवयीने तो उठला. घागर भरली, ओतली, परत येऊन बसला.

चार वाजले. सकाळी मधासारखा पिवळा दिसणारा रस आता फार उकळलेल्या चहासारखा काळपटला होता. सुकुमार घड्याळ बघून बघून थकला. शेवटी त्याचा आवाज चढला.

“आप्पा, सकाळपासून जाळ चालू आहे. चार घागरी ओतल्या मी. गूळ कधी होणार?”

“तुमी वतायचं थांबला की.”

भट्टीत चिपाड तडतडलं. इसाकने मान वर केली नाही.

सुकुमारने काहिलीकडे बघितलं. मग त्याने घागर पिंपाजवळ नेली आणि पालथी घातली.

तो आप्पांच्या शेजारी बसला. फोन वाजला. हात खिशाकडे गेला… आणि तसाच परत आला. रस एकेक बोट खाली उतरत होता. काहिलीची उघडी पडत जाणारी कड त्याला बघवत नव्हती. मग बघवायला लागली. नंतर कडेकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. बुडबुडे आधी बारीक होते, मग मोठे झाले, मग जड होऊन पुटपुटायला लागले. पहिलीतली राजुल धडा वाचताना अशीच पुटपुटायची. हे आपल्याला ठाऊक आहे, याचंच त्याला नवल वाटलं.

ऊन उतरलं तेव्हा आप्पांनी पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकला, बोटाने चाचपला आणि इसाकला खूण केली. दोघांनी मिळून काहील उतरवली.

गूळ काळा पडला होता. गूळ निववायच्या वाफ्यात ओतला तरी नीट बसला नाही, चिकट राहिला. आप्पांच्या गुऱ्हाळावर असा गूळ इसाकने बारा वर्षांत पाहिला नव्हता. आख्खं आधण वाया गेलं होतं, आणि ते कुणापायी, हे सुकुमारला कुणी सांगायला नको होतं.

“आप्पा… माझं चुकलं.”

आप्पांनी पंच्याने हात पुसले. “गाडी कवाची हाय?”

“साडेसहाची.”

इसाकचा राग एव्हाना निवळला होता. आतून तो कालच्या आधणातला सोन्यासारखा गूळ कागदात बांधून घेऊन आला. “घ्या पाव्हणं, लेकीला.”

सुकुमारने दोन्ही हात पुढे केले.

आप्पांनी मधेच इसाकचं मनगट धरलं आणि पुडा काढून फळीवर ठेवला.

इसाक बघतच राहिला. सकाळी पोस्टमनलाही उठून गूळ देणारा हा माणूस! सुकुमारचा चेहरा उतरला.

“आप्पा, ती गुळाची वाट बघत असेल… तिच्यापुढे मी काय घेऊन जाऊ?”

आप्पांनी त्याचे पुढे आलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, दाबले आणि सोडून दिले.

“आज रिकाम्या हातानं जावा.”