रविवारच्या पलटणीतला म्हादबा

"म्हादबापायी शत्रूनं साहेबांना बांधलं, आणि आता म्हादबाला..."

पाणवठ्यावर ठकूबाईच्या कानावर एवढंच पडलं आणि बोलणारी घागर उचलून चालती झाली. शेजारच्या घरची गोष्ट, आणि ठकूबाईला अर्धीच ठाऊक! ती तडक म्हादबाच्या बायकोकडे, गोदाकडे गेली.

खरी गोष्ट अशी. त्या गावात म्हादबा नावाचा भोळा गिरणीवाला राहायचा. आठवडाभर दळण दळायचा नि रविवारी पलटणीत जायचा. तिथं बातम्या चाळून शत्रूचा डाव ओळखायला शिकवत. हिरवी टोपीही देत. परीक्षेत नापास झाला, तर टोपी परत. म्हादबा आंघोळीपुरती तेवढी ती उतरवायचा.

पलटणीचे साहेब म्हणाले, "घरीही सराव ठेवा, नाहीतर डोकं गंजेल. एकाच्याच सांगण्यावर विसंबू नका. दुसऱ्याला विचारा."

सोमवारी गोदा ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय!"

म्हादबा गेला ठकूबाईकडे. "काकू, आमचं दूध उतू चाललंय का?"

"मला काय दिसतंय इथनं, मेल्या!"

तो परतला तोवर दुधानं चूल विझली होती.

रविवारी हे ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, घाईची बातमी आधी द्यायची, तपास मागनं!"

"हो साहेब."

पुढच्या सोमवारी पाटलाच्या दारात बांबू, सुतळी नि मडकं दिसलं. म्हादबा गावभर धावला, "पाटील वारले!" बायका रडत पोचल्या. पाटील लेकीच्या लग्नाचा मांडव घालत होते.

"कोण वारलं?"

"तुम्ही," म्हादबा म्हणाला.

पाटलांनी बांबूच उगारला.

साहेब ओरडले, "मनचं काही जोडू नकोस! दिसेल तेवढंच लिही."

"हो साहेब."

मग परीक्षा आली. अर्धी पलटण शत्रू झाली. म्हादबाला टेकडीवर बसवलं. शत्रू दिसला की शिट्टी वाजवायची, बाकी वहीत लिहायचं.

शिट्टी काही वाजली नाही. संध्याकाळी साहेब तंबूच्या खांबाला बांधलेले. म्हणजे बांधलं हे खरं, पण आपल्याच माणसांनी, अंगाला फांद्या लावून. म्हादबानं वही वाचली, "बारा झुडपं ओढ्याकाठी. बारा झुडपं मैदानात. बारा झुडपं साहेबांच्या तंबूत."

"शिट्टी का नाही वाजवलीस?"

"शत्रू दिसलाच नाही, साहेब."

"मग मला बांधलं कुणी?"

"झुडपांनी."

"टोपी ठेव खाली! आणि आधी मला सोडायला सांग त्यांना!"

म्हादबानं जड हातानं टोपी काढली. बाहेर गेला, आणि तंबूमागच्या बोरीच्या झुडपापुढं हात जोडून उभा राहिला, "सोडा की आता साहेबांना!"