मागावरची जुनी टोकं

फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका विणकर गावात शेवटचा एकच हातमाग उरला होता, सगुणाबाईंचा. लुगडं विणून झालं की त्या ते कापून घ्यायच्या, पण मागाच्या फणीत ओवलेल्या धाग्यांची वीतभर टोकं तशीच ठेवायच्या. नवे धागे त्या टोकांना गाठी मारून पुढे ओढायचे. ही रीत त्यांच्या सासूची, सासूच्या सासूची.

आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याला त्या टोकांचा राग यायचा. "मी दिवसभर धावतो, तुम्ही नुसती लोंबता. एका तरी लुगड्यात आहात का?"

"नाही," टोकं म्हणाली. "आम्ही फक्त वाट धरून ठेवतो."

पुढे सगुणाबाईंचे डोळे गेले. माग धूळ खात राहिला. खंडेनवमीला अवजारांची पूजा, म्हणून सून मथुरेनं तो हौसेनं पुसला आणि मळकी टोकं कापून चुलीत टाकली. धोटा मनातून खूश झाला.

सगुणाबाई भिंत धरत आल्या. त्यांची बोटं फणीवर फिरली आणि थांबली.

"मथुरे, टोकं कुठायत गं?"

"घाण दिसत होती, आत्याबाई. काढली."

"फणीत नव्यानं धागे ओवायला मीही कधी शिकले नाही, आणि ते येणारं गावात कोणी उरलं नाही गं. उद्यापासून तुला गाठ मारायला शिकवणार होते."

"मग शिकवा ना!"

"कोणत्या धाग्याला मारशील?"

तेव्हापासून धोट्याला धावावं लागत नाही. दर खंडेनवमीला त्याच्यावर झेंडूचं एक फूल मात्र पडतं.